परसात थरांचा वाफा : रविवारी अकरा माणसं येणार, त्याआधी थोडं विचारायचंय

पारसिक_पायथा
१४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो, डोंगराच्या अगदी पायथ्याला. चार्ल्स कोरियांनी ही वसाहत आखली तेव्हा घरं बैठी, कौलारू ठेवली आणि प्रत्येकाला स्वतःची थोडी उघडी जमीन दिली. आता पुष्कळांनी पाडून मजले चढवलेत. आमच्या दक्षिणेचा शेजारसुद्धा गेल्या वर्षी तीन मजली झाला. आमचं घर अजून बैठंच आहे आणि मागे १४ बाय ११ फुटांचा परस आहे. त्यात एक कढीपत्ता, कपड्यांची तार, आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू. बाकी लाल मुरूम. पहार मारली की ठणकन आवाज येतो. पावसात डोंगराचं पाणी उतरतं आणि मागच्या कोपऱ्यात घोट्याइतकं साचतं.

आमच्याकडे एक गट आहे. दर रविवारी कुणा एकाच्या परसात जमतात आणि दुपारपर्यंत थरांचा वाफा उभा करून देतात. पैसे नाहीत. नियम एकच, ज्याच्याकडे काम झालं त्याने पुढच्या तीन घरी राबायला जायचं. सासूबाईंनी (वय ८४, माहेर पाटणकडचं) ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर सावड!" त्यांच्याकडे लावणीला असंच चालायचं म्हणे. तेव्हापासून घरात त्या गटाचं नाव सावडच पडलंय.

येत्या रविवारी आमची पाळी. अकरा जण येणार. गटाने जो कागद पाठवलाय त्यात खाली पुठ्ठा, मग कोरडं, मग ओलं, मग माती, असं चित्र आहे आणि वर शेवगा, पपई, टोमॅटो, मुळे, सगळं एकाच ठिकाणी हसतमुख उभं आहे. मला काही ते खरं वाटेना. किती जाड थर? माल किती लागतो? मी आत्तापर्यंत नऊ पोती पाला आणि रसवंतीवाल्याकडून दोन पोती चिपाडं जमवली आहेत. ओला कचरा घातला की घुशी येतील अशी यजमानांची खात्री आहे.

आणि खरा प्रश्न शेवटी. माझे दोन्ही गुडघे गेलेत. फावडं सोडा, उकिडवं बसता येत नाही. मग तीन घरची सावड मी फेडायची कशी? फेडता येणार नसेल तर बोलावणंच बरं दिसत नाही. गटात हे विचारायला लाज वाटते, म्हणून इथे.


घोडबंदर_तळमजला
१४ मे, रात्री १०:१५

ताई, सगळ्यात आधी चेंबर कुठे आहे ते बघा आणि त्यावर वीट ठेवून द्या.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असाच उत्साही घोळका आला होता. चौदा माणसं, तीन तास, मस्त वाफा. ऑगस्टमध्ये मोरी तुंबली. प्लंबर विचारतो, चेंबर कुठंय? कुणालाच आठवेना. झाकणावर दीड फूट खत आणि त्यावर भरघोस भोपळा. मी आणि प्लंबर पावसात पहारीने टोचत बसलो. भोपळा गेला, प्लंबरने जादा पैसे घेतले ते वेगळंच.

दुसरं, घराच्या भिंतीला काहीही टेकवू नका. दोन फूट मोकळे सोडा. ओल आत येते आणि पुठ्ठ्याला लागलेली वाळवी चौकटीत शिरते.

तिसरं, लॉनचं कापलेलं ओलं गवत कुणी आणून दिलं तर वीतभर जाड पसरू नका. आम्ही पसरलं. आठ दिवसांत त्याची शेवाळी लापशी झाली. वासावरून सोसायटीत मीटिंग झाली. इतिवृत्तात 'दुर्गंधी' हा शब्द माझ्या फ्लॅट नंबरसकट आहे.


मातीत_हात
१५ मे, सकाळी ६:५०

आम्ही नेरुळ-सीवूड्सकडे हेच काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

मालाचा हिशोब आधी. मागच्या कुंपणाच्या भिंतीलगत ११ बाय ४ फुटांचा वाफा धरा. दीड फूट उंच म्हणजे ६६ घनफूट, जवळजवळ १९०० लिटर. धान्याचं मोठं पोतं पाल्याने तुडवून भरलं तर ८०-१०० लिटर होतं, म्हणजे वीसेक पोती. पण पाला भिजवून वर माणूस उभा राहिला की तो बसतो, म्हणून तीस धरा. तुमची नऊ आहेत. शनिवारपर्यंत झाडूवाल्या मावशींशी गट्टी करा. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं मिळाली तर सोनं, पटकन कुजतात. आंबा, फणस, जंगली बदाम यांची जाड पानं कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी खालीच जाऊ देत नाहीत. ती आधी चुरडा, नाहीतर सगळ्यात तळाला टाका.

पुठ्ठा कशासाठी असतो? गवत दाबायला. तुमच्या मुरमात गवतच नाही, मग पुठ्ठ्याचं काय काम? हराळी असेल तिथेच घाला, चिकटपट्टी काढून, टबात भिजवून, एकावर एक सहा इंच चढवून. लव्हाळा असेल तर तो पुठ्ठ्याला जुमानत नाही, तो खणूनच काढावा लागतो. पुठ्ठ्याऐवजी पहारीने फुटाफुटावर भोकं पाडा. खणत बसू नका, मुरमात खड्डा केला की त्याचा हौद होतो. वाफ्याच्या बाजूने गटाराकडे एक चर मात्र हवाच.

मग थर. तळाला फांद्या, करवंट्या, नारळाच्या झावळ्यांचे तुकडे, चार इंच. त्यावर पाला सहा इंच, भिजवून. त्यावर शेण किंवा अर्धवट कुजलेलं खत बोटभर. परत पाला. हिरवं एक वाटा, कोरडं तीन वाटे. चिपाडं जपून. साखर असते म्हणून मुंग्या येतात, आणि कच्ची चिपाडं कुजताना आजूबाजूचं नत्र ओढून घेतात. रोपं पिवळी पडली की लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. चिपाडं तळालाच घाला, आणि सोबत गिरिपुष्पाचा पाला. गिरिपुष्प म्हणजे उंदीरमारी, बांधावर लावतात ती. नत्राला त्याच्यासारखं फुकटचं दुसरं काही नाही.

घुशींबद्दल तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. शिजलेलं अन्न, पोळी, भात, मासळीचं पाणी काही नको. फक्त भाजीची देठं आणि सालं, तीही मधल्या थरात, वर किमान सहा इंच पाला.

शेण मिळत असेल तर गावठाणातल्या गोठ्यातून आजच आणा आणि अमृतजल लावा : १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, चौथ्या दिवशी १०० लिटर पाण्यात मिसळून पाला त्यात बुडवायचा. आज लावलंत तर रविवारी तयार.

आता त्या हसतमुख चित्राबद्दल. झाडांचे पाच थर सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीतही आहेत, पण तिथे हिशोब एकराचा असतो. तुमच्या १४ बाय ११ मध्ये थर मातीचे कमी, उन्हाचे जास्त मोजावे लागतील. दक्षिणेला तीन मजले म्हणालात ना? आपण साधारण १९ अंश उत्तरेला आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावर, जरासा उत्तरेलाच असतो. नंतर तो दक्षिणेला झुकत जातो. डिसेंबरात दुपारची सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकी पडते. तीस फुटांचं घर म्हणजे सत्तावीस फूट सावली. तुमचा अख्खा परस त्यात बुडतो.

डिसेंबरात मागे ऊन येतं का, ते आठवून सांगा.


पारसिक_पायथा
१५ मे, दुपारी २:०५

मातीत_हात, तुम्ही पत्रिकाच मांडलीत. गेल्या हिवाळ्यात चादरी वाळायला दोन दिवस लागायचे. आधी एका दुपारचं काम होतं ते. मी नव्या वॉशिंग मशीनला दोष देत होते!

चेंबर सापडला. कढीपत्त्याखाली. वीट ठेवली आहे.

शेजाऱ्यांनी घर पाडलं तेव्हाची शंभरेक मंगलोरी कौलं आमच्या बोळात रचून ठेवली आहेत. कडेला उभी पुरली तर चालतील का? आणि शेवगा लावायचा का? मी गुहागरची, आमच्या परसात शेवगा होता. सासूबाई म्हणतात दाराशी शेवगा नको. कारण विचारलं तर "नको म्हणजे नको".


मातीत_हात
१५ मे, दुपारी ३:३०

कौलं उत्तम. सोळाएक इंचाचं कौल चार इंच पुरलं की फूटभर कड मिळते. मधे ढीग दीड फुटांचा करा, घुमटासारखा. पावसाच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो निम्म्यावर येणार. दचकू नका, पाला राखून ठेवा आणि वरून घालत राहा.

शेवग्याबाबत सासूबाईंच्या बाजूने. लाकूड ठिसूळ, वादळात फांदी पहिली त्याची मोडते. शिवाय पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचा लेप बसतो. कपड्यांच्या तारेजवळ तर नकोच, अंगाला जी खाज सुटते ती आठवडाभर. लावलाच तर कंबरेएवढा छाटत राहावा लागेल, आणि गुडघ्यांचं तुम्हीच सांगितलंय.

पपई साचत्या कोपऱ्यात लावू नका. दोन दिवस मुळाशी पाणी उभं राहिलं की ती गेली. त्या कोपऱ्यात अळूच वाढवा, जमलं तर एक केळ.


ऐरोली_भाडेकरू
१५ मे, रात्री ११:२०

काकू, मला मातीतलं ज्ञान शून्य आहे. वन आरके, चौथा मजला, खिडकीत मालकाने कुंडी ठेवायलाही मनाई केली आहे. तरी दर रविवारी मी कुठल्या ना कुठल्या परसात घमेली उचलत असतो. मला तीन घरं कुणाची फेडायची आहेत? कुणाचीच नाहीत. सोमवार ते शुक्रवार हेडफोन लावून बसतो, रविवारी कुणीतरी "ए बारक्या, पोतं धर" म्हणतं. मला ते आवडतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर या धाग्यावर कुणी दिलंच नाही, म्हणून लिहितोय. फावडं मारणारे ढिगाने मिळतात. आमच्याकडे कायम तुटवडा असतो तो रोपांचा. बारा वाजता वाफा तयार होतो, सगळे घामाघूम उभे, आणि लावायला काय? कुणीतरी पिशवीतून चार सुकलेल्या मिरच्या काढतं. मग मालक म्हणतो, बघू पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात वाफ्यावर मांजर झोपलेलं असतं.

रोपं करायला टेबल-खुर्ची पुरते. जुने ट्रे, दह्याचे डबे, भोकं पाडून. वांगी, मिरची, तुळस. दर रविवारी वीस रोपं घेऊन कुणी आलं ना, तर त्याला कुणी फावडं धरू देणार नाही.

जेवण मात्र फार करू नका. एका घरी पुरणपोळी होती. त्यानंतर एकही माणूस उठला नाही. थर अर्धेच राहिले.


गोगलगायींनी_वैतागले
१६ मे, सकाळी ८:१०

दोन गोष्टी, दोन्ही पावसाच्या.

एक, हातमोजे आणि गमबूट. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, पायाला चीर असेल तर साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरायचं नाही. ताप आला तर डॉक्टरांना "मातीत, पाण्यात काम केलं होतं" हे आधी सांगायचं.

दोन, आफ्रिकन गोगलगायी. पाल्याचे थर म्हणजे त्यांना लॉजिंग-बोर्डिंग. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा, हातमोजे घालून वेचा, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. वाफ्यापासून दूर ओलं गोणपाट गूळपाणी शिंपडून ठेवलं तर सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात. मीठ वाफ्यावर टाकू नका, माती जाते. उकरताना पिवळट साबुदाण्यासारखे पुंजके दिसले तर ती अंडी. माझ्या जावेने ते खत समजून पसरले होते.


पारसिक_पायथा
२० मे, संध्याकाळी ७:३०

झाला वाफा! अकराचे नऊ आले, पण ऐरोलीचा बारक्या स्वतःहून आला (मी पत्ता निरोपात पाठवला होता), म्हणजे दहा.

पोती सव्वीस जमली. झाडूवाल्या मावशींना चहा आणि थालीपीठ, दोन सकाळी. अमृतजल मी पिंपात लावलं, पण चौथ्या दिवशी झाकण उघडल्यावर यजमान जे आत गेले ते संध्याकाळीच बाहेर आले. वास वाईट नाही हो, आंबूस-गोडसर आहे. गोठ्यात वाढलेल्याला काही वाटत नाही.

चर खणायचं सगळ्यात कठीण. मुरमाखाली एक पाषाण लागला, तो काढायला तिघं आणि दीड तास. शेवटी चर त्याला वळसा घालून गेला. गटातली पुढारीण पुठ्ठा घालायचाच म्हणत होती, कागदावर आहे म्हणून. मी म्हटलं, इथे गवत दाखवा. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "रद्दीवाल्याला द्या तो, पैसे तरी येतील." पुठ्ठा वाफ्यात गेला नाही.

जेवायला पिठलं-भाकरी, कांदा आणि ताक. पुरणपोळीचा धडा लक्षात होता.

लावलं ते असं : पाणथळ कोपऱ्यात अळू आणि एक केळ. भिंतीच्या सावलीच्या बाजूला हळद आणि आलं. उन्हाच्या पट्ट्यात वांग्याची सहा रोपं, तीही खताच्या ओंजळभर खळग्यात, कारण बाकी सगळा पालाच आहे. शिराळी आणि पडवळाच्या बिया तारेच्या खांबाशी. माठ, मेथी, मुळा काही नाही. बारीक बी पाल्यात हरवतं आणि मुळ्याला खाली बसायला माती लागते. टोमॅटोचं मी स्वतःच रद्द केलं. हिवाळ्यात तिथे चादर वाळत नाही, टोमॅटो काय पिकणार!


घोडबंदर_तळमजला
२० मे, रात्री ८:००

हळदीची पानं गणपतीत पातोळ्यांना मिळतील. पत्ता मलाही निरोपात पाठवा.


पारसिक_पायथा
१९ जुलै, दुपारी १२:५०

दोन महिन्यांनी येतेय. कुणीतरी मधे विचारलं होतं, थर किती बसला. मी कौलांवर खडूने खूण केली होती, ती पहिल्या सरीत धुऊन गेली. मग सासूबाईंच्या काठीवर दोरा बांधला. घुमट पार गेला, आता कौलाच्या काठापासून दोन बोटं खाली आहे. मधे दोनदा पाला घातला.

वांग्याची दोन रोपं जूनमध्ये पिवळी पडली. नेमकी तिथे कुणीतरी चिपाडं वरच टाकली होती. शेणकाला घातला, एक सावरलं, एक गेलं. गोगलगायी पहिल्या आठवड्यात रोज तीसेक निघायच्या, आता चार-पाच. बॅटरी धरायचं काम यजमान करतात. घुशी नाहीत, हे ते मान्य करत नाहीत, "अजून" म्हणतात. कोपऱ्यात पाणी साचतं पण चरातून तासाभरात निघून जातं.

सावडीचं : तीन रविवार, तीन घरं, मी रोपं पोचवली. मिरची अठरा, वांगी चोवीस, एकदा फक्त नऊ, कारण ट्रे मांजराने उलथला. तिसऱ्या घरी मला खुर्ची दिली आणि कुठे काय लावायचं ते मलाच विचारलं. चौथ्या घरचं बोलावणं आलंय. तीन झाली म्हणून मी मोकळी होते, पण जाणार आहे. ट्रे तेवढे परत द्या रे, आठ गेलेत, तीनच आले.

अडचण वेगळीच झालीय. शिराळी खांबावरून तारेवर गेली आणि आता सगळी तार तिची आहे. चौदा शिराळी काढली, अजून लागताहेत, तोडवत नाही. कपडे घालायला जागाच नाही. शेवटी शेजारच्या तीन मजलेवाल्या वहिनींनी, ज्यांच्या घराला मी वर्षभर मनातल्या मनात नावं ठेवली, त्यांनीच गच्चीची किल्ली दिली. काल वर गेले चादरी घेऊन, एकेक पायरी मोजत. तिथून वाफा पहिल्यांदाच वरून पाहिला. अळूची बाजू गच्च हिरवी, हळद बरी, आणि बरोबर मधे, ते गेलेलं वांगं होतं तिथे, ताटाएवढं टक्कल.

ऑगस्टपासून तिथलं ऊन कमी होत जाणार. काय लावू?


मातीत_हात
१९ जुलै, दुपारी १:१५

मायाळू. दोन कांड्या खोचा, बी नको.